टॅग काढ म्हटलं, तर अर्धं वाक्य गिळलं!

काम काय होतं? जुन्या एचटीएमएल फायलींमधले तळटीपांचे आकडे काढायचे. बस्स. पानावर होतं ‘ही गोळी’, मग सुप टॅगमध्ये (आकडा लहान करून वर दाखवणारी खूण) 3, मग ‘रिकाम्या पोटी घेऊ नये.’ एलएक्सएमएल या पायथनच्या लायब्ररीने सुप शोधला, पेरेंटवर, म्हणजे त्याला पोटात घेणाऱ्या टॅगवर, रिमूव्ह चालवलं, फाइल सेव्ह केली. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि पानावर उरलं काय? ‘ही गोळी’. एवढंच! नेमकं जे सांगायचं तेच गायब!

का, तर टॅगनंतरचा मजकूर म्हणजे म्हणे त्या टॅगची ‘टेल’. अरे, ते वाक्य परिच्छेदाचं आहे! ब्राउझर पानाची जी रचना मांडतो त्या डॉममध्ये मजकुराचा वेगळा नोड, म्हणजे स्वतंत्र घटक असतो, टॅग उडवला तरी शेजारचा मजकूर जागचा हलत नाही. इथे तो आधीच्या टॅगच्या शेपटीला बांधलाय. टॅग गेला की तोही गेला. कॉमेंट काढली तरी तेच, पानावर न दिसणाऱ्या कॉमेंटलाही शेपूट! एलएक्सएमएलमध्ये एचटीएमएलच्या एलिमेंटवर ड्रॉप_ट्री ही मेथड आहे, ते हा मजकूर सांभाळतं. मग हाताशी आधी येतं ते रिमूव्ह का? मजकूर खाणाऱ्या मेथडला इतकं साळसूद नाव देऊच नये. आणि ‘डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की’ म्हणणाऱ्यांनी आज माझ्या वाटेला जाऊ नये.

ब्युटिफुल सूप ही दुसरी लायब्ररी तरी कुठे धड वागते? फाइल वाचून टॅगांची रचना (ट्री) उभी करणारा पार्सर बदलला की ट्री बदलला. ब्राउझरमधून तक्त्यातल्या टॅगचा सिलेक्टर, म्हणजे पत्ता, कॉपी केला की त्यात टीबॉडी टॅग असतो, तो ब्राउझरनेच पदरचा घातलेला. मूळ फाइलीत नाही, पायथनचा एचटीएमएल.पार्सर घालत नाही, म्हणजे हातात नन, पायथनचं ‘काहीच नाही’. टॅगच्या पोटात मजकुरासोबत दुसरा एखादा टॅग असला की टॅगचा मजकूर देणारं .स्ट्रिंगसुद्धा नन. मजकूर समोर दिसतोय, आणि उत्तर काय तर काहीच नाही! फाइल नीट ओळींत मांडायला प्रेटिफाय केलं तर शब्दाच्या मधल्या बी (ठळक अक्षरांच्या) टॅगभोवती नव्या ओळी घुसतात, एका शब्दाचे दोन होतात. आणि तो एनबीएसपी, ओळ तुटू न देणारी स्पेस! दिसतो साध्या स्पेससारखा, तुलना केली की फॉल्स. त्याच्यापायी अख्खी दुपार घालवली आहे मी.

मूळ फायली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. ड्रॉप_ट्री घालून पुन्हा रन लावलाय, आणि प्रत्येक ‘ही गोळी’च्या पुढे काय उरलंय ते डोळ्यांनी तपासतेय.