नुसत्या पॉलिसॅकराइडच्या आकड्यावर जाऊ नका

लेखात ‘लेबलवर पॉलिसॅकराइड जास्त असलेली रेशी कॅप्सूल घ्या’ असा सल्ला दिलाय, तो काही पटला नाही. (रेशी म्हणजे औषधी म्हणून विकली जाणारी बुरशी, आणि पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या.) पॉलिसॅकराइड मोजायला वापरतात त्या फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडच्या चाचणीला साखर बुरशीची की पिठाची हे कळत नाही. धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीचे तंतू) धान्यासकट दळलं की स्टार्चही मोजला जातो आणि आकडा मस्त फुगतो. खरं बघायचं ते बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं पॉलिसॅकराइड. ते काढायचं एकूण ग्लुकनमधून एन्झाइम वापरून मोजलेलं अल्फा-ग्लुकन (यात स्टार्च येतो) वजा करून. भुकटी पाण्यात कालवून आयोडीनचा थेंब टाका. काळानिळा रंग आला तर स्टार्च आहे. (माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे स्टार्च तोडून केलेल्या भुकटीची, भेसळ मात्र यातून निसटू शकते.)

अमेरिकेतल्या १९ रेशी उत्पादनांची तपासणी २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आली होती. ट्रायटर्पीन (रेशीतली कडू संयुगं) आणि पॉलिसॅकराइड दोन्ही तपासल्यावर लेबलशी जुळली फक्त ५!

आणि डीएनए बारकोडिंग (डीएनएवरून प्रजाती ओळखणं) म्हणजे रामबाण, असंही नाही. अर्क उकळून काढताना डीएनएचे तुकडे होतात. तिथे एचपीएलसीच (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारी चाचणी) हवी, रेशीतली गॅनोडेरिक ॲसिडं (ट्रायटर्पीनचाच प्रकार) दिसतात का ते बघायला. विक्रेत्याकडे बॅचचा रिपोर्ट मागाल तेव्हा चाचणीची पद्धतही विचारा.