देव्हाऱ्याशेजारचं इंद्रजाल

आज बडोद्यात वासणा-भायली रोडला एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला गेले होते. फ्लॅट छान, हवेशीर. हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या अगदी शेजारी सोनेरी फ्रेम आणि फ्रेममध्ये काळं, जाळीदार, वाळलेलं काहीतरी. ‘इंद्रजाल आहे, घराला दृष्ट लागत नाही,’ म्हणून कुणी हौसेने भेट दिलेलं. येणारा-जाणारा त्याला नमस्कार करत होता. दुसऱ्याच्या शुभकार्यात वाद घालायचा नसतो, म्हणून तिथे गप्प बसले. पण आता लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

अहो, ते झाड नाही! तो प्राणी आहे. एक नाही, शेकडो-हजारो चिमुकल्या प्राण्यांची मिळून झालेली वसाहत. कधी समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ असतं, कधी काळं प्रवाळ. विकणारे दोन्हीला इंद्रजालच म्हणतात. आपण नमस्कार करतो तो त्या वसाहतीच्या सांगाड्याला.

मी हे जिवंत पाहिलंय. अंदमानात नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो होतो. चार-पाच खोल्या, सुपारीची झाडं, नेटवर्क जवळपास नाहीच. घरच्या बाईंना सगळे बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्याकडचा मुलगा डायव्हिंगला न्यायचा. पाण्यात उतरायच्या आधी त्याने शिकवलं ते इतकंच: नाक दाबून कान मोकळे कसे करायचे, श्वास रोखायचा नाही आणि खाली गेल्यावर हाताची घडी. काहीही दिसलं तरी हाताची घडी.

पहिल्यांदा जाणाऱ्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. तेवढ्या खोलीवरही लाल रंग विझलेला असतो, सगळं निळं-करडं. एका खडकाच्या कडेला प्रवाहाला आडवा पसरलेला एक मोठा करडा पंखा होता. त्या मुलाने टॉर्च मारला आणि तो एकदम लालभडक झाला! फांदीफांदीवर पांढरे ठिपके उमललेले, प्रत्येकाला आठ इवल्या भुजा, वाहत्या पाण्यातलं अन्न टिपत बसलेल्या. टॉर्च धरायचा सोडला तर त्या मुलाचे हात घडीतच. माझेही. मी मास्कच्या आत रडत होते, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

आज तेच माझ्यासमोर काळं पडून भिंतीला टांगलेलं होतं.

कायद्याचं सांगते, कारण श्रद्धेवर बोललं की लोक लगेच रागावतात. २००१ पासून समुद्रपंखा आणि काळं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. शिक्षा तीन ते सात वर्षं. वाघाचं कातडं वास्तुशांतीला भेट द्याल का? मग हे कसं चालतं? हो, काही ठिकाणी प्लॅस्टिकचंही विकतात, हे मला ठाऊक आहे. पण खोट्याचा बाजार खऱ्याच्या जोरावरच चालतो ना!

आणि हे आपण बडोदेकरांनी करावं? आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, पावसाळ्यात त्या सोसायटीच्या गेटपर्यंत येतात, आणि आपण त्यांना मारत नाही. फोन करतो, प्राणी वाचवणारी मुलं येतात, पकडून परत सोडतात. याच गुजरातमध्ये व्हेल शार्कची शिकार व्हायची. २००१ मध्ये बंदी आली, पण ती किनाऱ्यावर रुजली रामकथाकार मोरारीबापूंनी त्या माशाला माहेरी आलेली लेक म्हटलं तेव्हा. वेरावळकडचे कोळी आपली जाळी कापून त्याला सोडायला लागले. जाळं म्हणजे त्यांची रोजीरोटी! ते जाळं कापू शकतात आणि आपल्याला एक फ्रेम उतरवता येत नाही?

बौदींची आठवण येते. ओहोटीला त्या आम्हाला समुद्री गवतात घेऊन जायच्या आणि गवतातले लांब चर दाखवायच्या. डुगाँग, म्हणजे समुद्री गवत खाणारा सस्तन प्राणी, चरून गेल्याच्या खुणा. डुगाँग आम्हाला दिसला नाही. त्या म्हणायच्या, तो इथे आहे, एवढं पुरे. निघायच्या दिवशी त्यांनी आमच्यासोबतच्या मुलांचे खिसे स्वतः तपासले, शिंपले-प्रवाळाचे तुकडे काढून घेतले आणि त्यांच्याच हाताने वाळूत परत टाकायला लावले. एक मुलगा रडला. आई जरा चिडली. बौदी हसल्या, पण ऐकलं नाही.

मान्य आहे, तिथे जायला विमान, बोट, पैसा लागतो, आणि आपण गेल्यानेही बेटावर भार पडतोच. सगळ्यांनी उठून जावं असं मी म्हणतच नाही. समुद्र पाहायचाच असेल तर कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांहून लांब, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी आलेल्या पिल्लाचा. मुलांना तिथे न्या. तो आपणहून किनाऱ्याला आला होता, त्याला कुणी फ्रेमसाठी उपटला नव्हता.

ज्यांच्या घरी ही भेट आली, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना सांगितलंच नाही कुणी. मी उद्या फोन करून नीट समजावणार आहे, माणसं समजूतदार आहेत. राग आहे तो मंत्रून-बिंत्रून दिल्याचं सांगून हे विकणाऱ्यांवर, आणि समुद्रतारा पाण्याबाहेर काढून हातात धरून रील करणाऱ्यांवर.

कुठल्या दुकानात इंद्रजाल दिसलं तर घेऊ नका, वनखात्याला कळवा. आणि नीलच्या त्या गेस्टहाऊसचा पत्ता मागणाऱ्यांनो, मेसेज करा, आनंदाने देईन. फक्त हाताची घडी घालायची तयारी असेल तरच.