‘डिप्रेशन म्हणजे रिकाम्या डोक्याचे चोचले’ ह्या मेसेजला माझं उत्तर

एकाच आठवड्यात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या बॅचच्या. म्हणणं थोडक्यात असं की आजी-आजोबांना कधी डिप्रेशन झालं नाही, हे रिकाम्या डोक्याचे नि भरल्या पोटाचे चोचले आहेत, डॉक्टरकडे गेलात की गोळ्या जन्मभर मागे लागतात, त्यापेक्षा 21 दिवस पहाटे पाचला उठा, पॉझिटिव्ह विचार करा, आपोआप बरं वाटेल. एरवी असलं काही मी डिलीट करते. ह्या वेळी लिहितेय कारण हे वाचून माझ्या काकांनी गोळ्या बंद केल्या.

आधी ते आजी-आजोबांचं. अहो, आपण ठाणेकरांनी तरी हे बोलू नये. आपलं मनोरुग्णालय 1901 सालचं आहे, ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असं अख्खी मुंबई एकमेकांना चिडवते ते काय उगाच? आजार तेव्हाही होता, फक्त ‘तिने हाय खाल्ली’, ‘त्याने अंथरूण धरलं’, ‘बाळंतपणानंतर ती पहिल्यासारखी राहिलीच नाही’ असं म्हणून विषय संपायचा. माझ्या आजीची एक जाऊ दिवसदिवस माजघरात पडून असायची, तिला सगळे आळशी म्हणायचे, आणि ती गेली तरी घरात तिचा उल्लेख तसाच होतो. मला ते आता ऐकवत नाही.

रिकामं डोकं म्हणाल तर काकांचंच बघा. राहायला कळव्याला, नोकरी रबाळेच्या एमआयडीसीत, ठाण्याला उतरून वाशीची लोकल पकडायची, असं 26 वर्षं. आजारात एकही खाडा नाही, सुपरवायझरची तक्रार नाही. घरी येऊन खुर्चीत बसायचे आणि काकू चहा ठेवून जायची. पाऊण तासाने बघावं तर एक मोजा पायात, एक हातात, चहावर साय धरलेली आणि काका समोरच्या बंद टीव्हीकडे बघतायत. काकूला वाटायचं थकले असतील, आम्हालाही तसंच वाटलं, असं चार महिने चाललं, शेवटी वजन उतरलं तेव्हा कुठे डॉक्टर. (डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला लावलं, कारण तो बिघडला तरी माणूस असाच मलूल होतो.) निमहान्सने (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) 2015-16 मध्ये 12 राज्यांत जो मोठा सर्वे केला त्यात दर 20 मोठ्या माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येऊन गेलेलं किंवा चालू असलेलं दिसलं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळालेलेच नव्हते. ही सगळी माणसं काय रिकामी बसलेली होती? आणि भरल्या पोटाचं म्हणाल तर कर्ज आणि बेकारीने हा आजार व्हायचा धोका उलट वाढतो.

आता गोळ्या, इथे मेसेजने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. झोपेच्या आणि घाबरल्यावर देतात त्या काही गोळ्यांची सवय लागू शकते हे खरं आहे, म्हणून त्या डॉक्टर शक्यतो थोडेच दिवस देतात. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची तलफ येत नाही. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही सहाएक महिने तरी चालू ठेवतात आणि मग डोस हळूहळू उतरवतात, फक्त ज्यांना आजार परत परत होतो त्यांना जास्त काळ घ्याव्या लागतात. एकदम बंद केल्या तर शरीर कुरकुर करतं. काकांना तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायला लागलं, आणि त्यांना वाटलं, बघा, मेसेज खरा होता, सवय लागलीच. डॉक्टरांनी समजावून परत सुरू केल्या तेव्हा आठवड्याभरात ते सगळं थांबलं.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा, त्याने 1960 मध्ये लिहिलं होतं की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात. ह्याचा डिप्रेशनशी काय संबंध? साध्या सवयींचंही तसं नसतं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 96 जणांवर अभ्यास केला त्यात जेवताना पाणी पिण्यासारख्या गोष्टी अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 पर्यंत. आणि पहाटे उठायचं काय सांगताय, काका साडेतीनलाच टक्क जागे असायचे, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणायचे, लवकर जाग येणं आणि सकाळीच सगळ्यात जड वाटणं हे ह्या आजाराचं लक्षणच आहे. चालण्याने, व्यायामाने फायदा होतो, त्याबद्दल माझं भांडण नाही, काकासुद्धा आता रविवारी माझ्याबरोबर उपवन तलावाला दोन फेऱ्या मारतात. पण त्या फेऱ्या ते गोळ्या लागू पडल्यावर मारायला लागले, त्याआधी त्यांना चपला घालायचंही जड जायचं.

दोन आठवडे असंच चालू असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल तर 14416 ला फोन करा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नका, आत्ता करा. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून ह्याच कामात आहे.

गुरुवारी काकांची पुढची अपॉइंटमेंट आहे. मी हाफ डे टाकलाय, त्यांना स्टेशनवरून घेऊन जाणार आहे.