खारे वारे कार्बन पळवून नेत नाहीत

सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला: "मुंबईकरांनो, निश्चिंत राहा! खारे वारे शहरातला कार्बन डायऑक्साइड रोज समुद्रात नेतात, अरबी समुद्र तो पिऊन टाकतो, उरलासुरला पाऊस धुऊन काढतो."

पहिला दावा शाळेच्या भूगोलातच बाद होतो. खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात. दुपारी दादरची हवा ठाणे-कल्याणकडे सरकते, एवढंच. रात्री मतलई वारे सुटले की शहराची हवा समुद्रावर जाते आणि त्यातली काही दुसऱ्या दिवशी परत येते. धूळ-धूर यात पातळ होतो, हे मान्य. पण धूळ कधीतरी खाली बसते, कार्बन डायऑक्साइड बसत नाही.

समुद्राचं म्हणाल, तर जगातले महासागर मिळून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा शोषतात. अरबी समुद्राचं गणित मात्र उलटं. नैऋत्य मोसमी वारे ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी लोटून देतात, खालचं कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि वायू हवेत सुटतो. वर्षाचा जमाखर्च मांडला तर हा समुद्र घेतो कमी, देतो जास्त.

पावसाचा हिशोब मी कागदावरच केला. लिटरभर पावसाच्या पाण्यात जेमतेम पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. मुंबईत मोसमात साधारण सव्वादोन मीटर पाऊस धरा, म्हणजे चौरस मीटरला सव्वादोन हजार लिटर. हाती लागतात दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. त्याच चौरस मीटरवरच्या हवेत हा वायू आहे साडेसहा किलोच्या आसपास!

तरी पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरतो, हे खोटं नाही. दक्षिण गोव्यात काबो द रामाला १९९३पासून हवेचे नमुने घेतले गेले, त्यांत हे दिसलं. पण ते धुण्यामुळे नव्हे. तेव्हा हवाच थेट दक्षिण हिंदी महासागरावरून येते. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, जमिनीवरून फिरतो आणि आकडा पुन्हा चढतो.

आणि समुद्राने कार्बन पळत असता, तर हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर काय दिसायला हवं होतं? चहूबाजूंनी प्रशांत महासागर. १९५८मध्ये तिथे हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड मोजला गेला. २०२४ची सरासरी ४२४.६.