एजंटला ‘टेस्ट चालवा’ एवढंच सांगून भागत नाही!

पुन्हा तेच! टीएसक्यूएलटी (एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमधला कोड तपासायची फ्रेमवर्क) वापरायची, एआय एजंटला टेस्ट लिहायला लावायच्या आणि डॉक्युमेंटेशन म्हणून चार ओळी टेकवायच्या. इंदुरात नवख्याला ‘राजवाड्याच्या मागे’ एवढं सांगितलं तरी चालतं, तो पुढे विचारत जातो. एजंट विचारत नाही, ठोकून देतो.

इथे प्रत्येक टेस्ट म्हणजे डेटाबेसात साठवलेली एक प्रोसीजर. तिचं नाव ‘टेस्ट’ने सुरू झालं नाही, तर ती टेस्ट धरलीच जात नाही. एरर नाही, काही नाही. एजंट ‘सगळं पास’ म्हणून मोकळा! किती टेस्ट चालल्या तो आकडा बघायला सांगा ना.

आणि न्यूटेस्टक्लास, म्हणजे टेस्ट क्लास (टेस्टचा गट) बनवायची कमांड! दिलेल्या नावाचा क्लास आधीच असेल, तर ती तो आतल्या सगळ्या टेस्टसकट उडवून नवा बनवते. एजंट दर नव्या टेस्टआधी ती ओळ बिनदिक्कत टाकतो. आधीच्या २० टेस्ट साफ! ही गोष्ट पहिल्याच पानावर ठळक हवी, तर तिचा कुठे पत्ताच नसतो.

फेकटेबल ही टेस्टपुरती टेबलाची रिकामी नक्कल लावणारी कमांड टेबलावरचे कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) काढते, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम) सुद्धा. तपासायची फॉरेन कीच असेल, तर अप्लायकन्स्ट्रेंट या कमांडने ती परत लावावी लागते. नाहीतर चुकीची रो खुशाल आत शिरते.