वेळेअभावी

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या रविवारपासून भांडण पेटलंय. ते माझ्या भाच्यापायी पेटलं, म्हणून मला त्यात पडणं भाग आहे. बायको म्हणते, भाचा नसता तरी तू पडलाच असतास.

झालं ते इतकंच. नागपुरात मामा तलावांवरच्या एका नव्या पुस्तकाच्या लेखकाची प्रकट मुलाखत होती. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतचे ते जुने तलाव, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेल्यावर सरकारकडे आलेले. मुलाखत तासभर चालली. बालपण झालं, लेखनाची प्रेरणा झाली, विदर्भावरचा अन्याय झाला. मग भाच्यानं हात वर केला. तो पुस्तक वाचून गेला होता, ही त्याची पहिली चूक. त्यानं विचारलं, "सर, मालगुजारांच्या काळात गाळ वेळच्या वेळी निघायचा, असं तुम्ही लिहिलंय. पण तो काढायचं कोण? त्यांना मजुरी मिळायची, का ती वेठ होती? हे पुस्तकात कुठंच नाही."

सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी आपण इथंच थांबतोय. मग शाल आली, श्रीफळ आलं आणि आभारप्रदर्शन बारा मिनिटं चाललं. भाच्यानं घड्याळ लावलं होतं.

ग्रुपचा निकाल असा की पोराला वळण नाही. पाहुण्याला भरसभेत असं विचारतात का? त्यावर मी जे लिहिलं ते जरा लांबलं. इथं वॉशिंग्टनला मी मेट्रोनं व्हॅन नेसला उतरून मैलभर चालत 'पॉलिटिक्स अँड प्रोज'ला जातो. कनेक्टिकट अव्हेन्यूवरचं पुस्तकांचं दुकान, १९८४ पासूनचं. लेखक थोडा वेळ बोलतो आणि मग माइकमागं रांग लागते. रांगेत निवृत्त सरकारी अधिकारी असतात, ज्यांच्या खात्याबद्दल ते पुस्तक असतं. "तुमचं तिसरं प्रकरण मला पटलं नाही," इथून सुरुवात. शाल नाही, हार नाही. शेवटी दुकानदार सांगतो, आपापली खुर्ची मिटून भिंतीला टेकवा, आणि लोक टेकवतात. आमच्याकडे खुर्च्या कोण उचलतं, हे सभागृहातल्या एकाला तरी माहीत आहे का?

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, हे पाठवल्यावर कळलं.

मी थांबलो नाही. ब्रायन लॅम्बचं उदाहरण दिलं. सी-स्पॅन या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर १९८९ ते २००४ या काळात 'बुकनोट्स' नावाचा कार्यक्रम तो करायचा. तासभर, एकच लेखक, ललितेतर पुस्तक. आणि एका लेखकाला एकदाच बोलवायचं, पुन्हा नाही. आठशेच्या वर मुलाखती झाल्या, आणि हा माणूस प्रत्येक पुस्तक वाचून बसायचा. स्वतः जवळजवळ काही बोलायचा नाही. कोटी नाही, शेर नाही, 'सर, आपल्या प्रतिभेचा उगम' नाही. आपल्याकडे मुलाखतकारच टाळ्या घेऊन जातो. (पुस्तक कुणाला अर्पण केलंय, ते कुठं बसून लिहिलं, हेही लॅम्ब हमखास विचारायचा. ते मी ग्रुपवर टाकलं नाही.)

नागपुरात बर्डीवर दुकान असलेल्या मित्राचं उत्तर आलं, "तू तिथं बसून काय शिकवून राहिला बे आम्हाला? तू आता मामा तलाव. माजी." खाली सतरा जणांचे हसरे चेहरे. त्यात मला 'अवश्य ये' म्हणून दर दिवाळीला फोन करणारेही होते.

दुसऱ्यानं दीक्षाभूमीची आठवण काढली, आणि तिथं मी गप्प झालो. कारण ते मी पाहिलंय. अशोक विजयादशमीला तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि त्यावर कथा-कादंबऱ्यांपेक्षा इतिहास, धम्म, कायदा, भाषणं यांचीच गर्दी. बारावीत असताना एका स्टॉलवर एक म्हातारबा पाहिले. धोतर, खांद्यावर पिशवी, हातात बाबासाहेबांच्या भाषणांचा खंड. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते विक्रेत्याला विचारत होते की हे भाषण मागच्या आवृत्तीत इतकं तोकडं नव्हतं, मधलं कुठं गेलं? विक्रेत्यानं दुसरी प्रत काढली. दोघं उभ्या उभ्या पानं ताडत बसले आणि मागं रांग अडली, तरी कुणी 'वेळेअभावी' म्हटलं नाही. तेव्हा नागपूरला प्रश्न विचारता येत नाहीत हे माझं म्हणणं खोटं आहे. सभागृहाला विचारता येत नाहीत, एवढंच खरं असेल.

आणि आता इथलं. अकरा वर्षं मी त्या दुकानात जातोय आणि माइकमागं एकदाही उभा राहिलेलो नाही. इंडेक्स कार्डावर प्रश्न लिहून नेतो. रांगेत माझ्यापुढं तिघं उरले की माझे उच्चार मलाच ऐकू यायला लागतात, मग मी शेल्फ बघितल्यासारखं करून बाजूला होतो. सहीच्या वेळी लेखक माझ्या नावाचं स्पेलिंग विचारतो, मी सांगतो. एवढाच आमचा संवाद. खुर्ची मात्र न चुकता मिटतो.

अजून एक राहिलं. भाच्यानं रविवारी रात्रीच फोनवर सांगितलं होतं की कार्यक्रमानंतर लेखकानं त्याला स्कूटरपाशी गाठलं. काखेत शाल, हातात नारळ. म्हणाले, चला, काही खाऊ. तर्री-पोह्याच्या टपरीवर दोघं तासभर बोलले. लेखक म्हणाले, "दोन गावचे म्हातारे दोन तऱ्हेनं सांगतात. एक म्हणतो पाळी होती, दुसरा म्हणतो वेठ होती. कागद सापडला नाही, म्हणून ते प्रकरणच गाळलं. चुकलं माझं." नारळ टपरीवाल्याला देऊन टाकला.

हे ग्रुपवर सांगितलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. मी सांगितलं नाही.

काल भाचा विचारत होता, "मामा, पुस्तक पाठवू का तुला?" म्हटलं, पोस्टाचा खर्च कशाला, ताईकडं ठेव, डिसेंबरात येतोच आहे.

डिसेंबरचं तिकीट अजून काढलेलं नाही.