मामी, त्याचं लग्न कुठेही जात नाही

मामीचा फोन रात्री पावणेअकराला आला. एवढ्या उशिरा ती कुणी गेलं तरच फोन करते, म्हणून मी उचलताक्षणी विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही गं. ते ग्रुपवर आलंय ते वाचलंस का? याचं लग्न आता रद्द होणार का?"

'याचं' म्हणजे माझ्या मामेभावाचं. तो शिकागोला असतो. चार वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मामीला ते पचायला दोन वर्षं लागली. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती त्या पोराला थालीपीठ थापायला शिकवते. त्याला जावई म्हणायचं की आणखी काही, हे घरात अजून ठरलेलं नाही, त्यामुळे सगळे त्याला नावानेच हाक मारतात. एवढं सगळं रुळल्यावर नात्यातल्या एका काकांनी ग्रुपवर तो मजकूर टाकला. वर दोन बाण, म्हणजे गावभर फिरून आलेला.

मजकुरात सहा मुद्दे आहेत, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह. अमेरिकेत पाच न्यायाधीशांनी 2015 साली एका दिवसात समलिंगी विवाह लादला. बंदी उठवणारे सगळे डावे, त्यातला एक तर स्वतःच 'तसला'. मुलांचं नुकसान होतं याचे पुरावे कोर्टात दिले, ते दडपले. नकार देणारे पाद्री तुरुंगात गेले. उद्या लोक कुत्र्यामांजरांशी लग्न लावतील. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: सुप्रीम कोर्टाने आता हे सगळं रद्द केलं असून झालेली लग्नं बेकायदा ठरली आहेत.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण मामीची झोप त्याने उडवली. हे धादांत खोटं आहे. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, माजी क्लार्क किम डेव्हिस हिने 2015 चा ओबरगेफेल निकाल, म्हणजे समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा निकाल, फिरवावा म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. 10 नोव्हेंबर 2025 ला कोर्टाने तो ऐकायलाच नकार दिला, कारणाची एक ओळही न लिहिता. म्हणजे घडलं ते मजकुराच्या बरोबर उलट. शिवाय शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथे हा विवाह कुठल्या कोर्टाने आणलेलाच नाही. तिथल्या विधिमंडळाने 2013 मध्ये कायदा केला, तो 1 जून 2014 पासून लागू आहे. त्यावर 13 डिसेंबर 2022 ला बायडन यांनी सही केलेला केंद्राचा कायदा आहे. जिथे लग्न कायदेशीर झालं, तिथलं ते केंद्र सरकारने आणि इतर राज्यांनी मानलंच पाहिजे, असं तो सांगतो. सिनेटमध्ये तो 61 विरुद्ध 36 मतांनी पास झाला, आणि त्या 61 मध्ये 12 रिपब्लिकन, म्हणजे उजव्या पक्षाचे, होते.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. उद्या सुप्रीम कोर्टाने 2015 चा निकाल खरंच उलटवला, तर काही राज्यांच्या घटनांत पडून असलेल्या जुन्या बंद्या नव्या लग्नांपुरत्या पुन्हा जाग्या होऊ शकतात. न्यायमूर्ती थॉमस यांनी 2022 मध्ये गर्भपाताच्या खटल्यात हा निकाल तपासून पाहावा असं लिहिलंही आहे. पण 'होऊ शकतं' आणि 'झालं' यात फरक असतो.

'एका दिवसात लादला' हे वाचून मात्र मला हसू आलं. मिनेसोटातल्या एका जोडप्याने 1970 मध्ये लग्नाचा परवाना मागितला, नाकारला गेला, तेव्हा ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1972 मध्ये कोर्टाने एका वाक्यात बोळवण केली: यात केंद्रीय घटनेचा दखलपात्र प्रश्नच नाही. पुढची चाळीस वर्षं हे वाक्य प्रत्येक वकिलाच्या तोंडावर फेकलं गेलं. विवाह हा तिथे राज्यांचा विषय. तीसेक राज्यांनी आपल्या घटनेतच बंदी लिहून टाकली, बहुतेक ठिकाणी लोकांच्या मतदानाने. राज्याच्या घटनेतच बंदी असल्यावर राज्याच्या कोर्टात फारसं काही उरत नाही. म्हणून लोक फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेले, 1868 सालची चौदावी घटनादुरुस्ती घेऊन: कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण. आपल्याकडचं कलम 14 याच कुळातलं. फेडरल कोर्टांनीही सगळीकडे माना डोलावल्या नाहीत. लुइझियानातल्या न्यायाधीशाने सप्टेंबर 2014 मध्ये बंदी कायम ठेवली. नोव्हेंबरमध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, फेडरल अपील कोर्टाने ओहायो, मिशिगन, केंटकी, टेनेसी या चार राज्यांची बंदी दोन विरुद्ध एक मताने उचलून धरली. याच चार राज्यांतली माणसं पुढे सुप्रीम कोर्टात गेली आणि 26 जून 2015 ला पाच विरुद्ध चार अशी जिंकली.

लोकांनी मतदान केलं होतं आणि कोर्टाने ते बाजूला सारलं, हे खरं आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीही विरोधी निकालपत्रात हेच दुखणं मांडलंय. पण गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदीसुद्धा 1967 मध्ये कोर्टानेच उठवली, आणि तेव्हाही जनमत विरोधातच होतं. ते लग्न चुकीचं होतं असं आमचे काका म्हणतील का? विचारून बघते.

मला खरा राग आहे तो मुलांच्या मुद्द्याचा. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, तो उलटा टांगलेला आहे.

कॅलिफोर्नियाने 2008 मध्ये मतदानाने बंदी आणली. तिच्याविरुद्धचा खटला फेडरल न्यायाधीश व्हॉन वॉकर यांच्यापुढे जानेवारी 2010 मध्ये रीतसर साक्षीपुराव्यांसह चालला. त्यांचा 136 पानांचा निकाल मी वाचलाय. (तळटिपांवरून नजर फिरवली, खोटं कशाला बोलू.) ज्याला या विषयावर मत द्यायचंय त्याने निदान तेवढा वाचावा. बंदी मागणाऱ्यांना भर कोर्टात, शपथेवर, हवे तेवढे तज्ज्ञ उभे करायची मुभा होती. बंदीविरोधी बाजूने सतरा साक्षीदार आणले. बंदीवाल्यांनी दोन. दडपलं कुणी? त्याआधी एका सुनावणीत न्यायाधीशांनी बंदीवाल्यांच्या वकिलाला सरळ विचारलं, या लग्नांमुळे स्त्री-पुरुषांच्या लग्नांचं नेमकं काय नुकसान होतं? वकील म्हणाले, मला माहीत नाही. राज्यभर जाहिराती करून मुलांच्या नावाने मतं मागितली आणि न्यायाधीशासमोर 'माहीत नाही'! त्यांच्या दोघांपैकी एक साक्षीदार डेव्हिड ब्लँकनहॉर्न. त्यांनी उलटतपासणीत मान्य केलं की लग्नाला मान्यता दिली तर समलिंगी जोडप्यांचं आणि त्यांच्या मुलांचं बहुधा भलंच होईल. दोन वर्षांनी त्यांनी आपला विरोध जाहीरपणे सोडला.

हे फक्त कॅलिफोर्नियापुरतं, आणि सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ते अपील मूळ प्रश्नात न शिरता तांत्रिक मुद्द्यावर निकालात काढलं, हेही सांगून टाकते, नाहीतर काका तेवढंच धरून बसतील.

मग मिशिगन बघा. एप्रिल डीबोअर आणि जेन राऊस, दोघी नर्स. 2009 मध्ये त्यांनी एक बाळ घरी आणलं. त्याच वर्षी दुसरं आणलं, अपुऱ्या दिवसांचं, आईने सोडून दिलेलं, रात्रंदिवस जागून सांभाळावं लागणारं. पुढच्या वर्षी एक मुलगी, तिलाही विशेष काळजीची गरज. मिशिगनच्या कायद्यात दत्तक एक तर एकट्या माणसाला घेता येई किंवा नवरा-बायकोला. म्हणून दोन मुलगे कागदावर एकीचे आणि मुलगी दुसरीची. एकीला काही झालं, तर ज्या बाईच्या मांडीवर ती मुलं झोपत होती, ती कायद्याने त्यांची कुणीच नाही. शाळेत नाव घालताना, दवाखान्यात सही करताना, एकच आई. दोघी कोर्टात गेल्या त्या मुळात दत्तकाचा नियम बदला म्हणून. न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनीच सुचवलं की अडचणीचं मूळ विवाहबंदीत आहे, आव्हान तिलाच द्या. 2014 मध्ये साक्षी झाल्या. राज्याने मुलांच्या नुकसानीचा 'अभ्यास' घेऊन एक समाजशास्त्रज्ञ उभा केला. फ्रीडमन यांनी निकालात लिहिलं की त्याची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी नाही आणि गांभीर्याने घेण्याच्याही लायकीची नाही. न्यायाधीश सहसा इतकं उघडं लिहीत नाहीत. आता सांगा, मुलांचं नुकसान कोण करत होतं?

'सगळे डावे' हेही बघून टाकू. फ्रीडमन यांची नेमणूक रेगन या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांची. इंडियाना आणि विस्कॉन्सिनची बंदी उडवणारे रिचर्ड पोझनर, रेगन यांचेच. वॉकर थोरल्या बुश यांचे, तेही रिपब्लिकनच. 2015 चा निकाल लिहिणारे केनेडी पुन्हा रेगन यांचे. वॉकर समलिंगी आहेत हे खरं, निवृत्तीनंतर त्यांनी ते उघड सांगितलं. त्यावरून निकाल रद्द करा असा अर्ज आला आणि फेटाळला गेला. त्याच हिशोबाने लग्न झालेल्या न्यायाधीशाने घटस्फोटाचा खटला ऐकूच नये.

तुरुंगात गेलेले पाद्री? एकही नाही. तुरुंगात गेली ती वर उल्लेखलेली किम डेव्हिस, पाच रात्री, सप्टेंबर 2015 मध्ये. ती सरकारी पगारावर परवाने देणारी क्लार्क होती आणि कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून आत गेली. उलट नॉर्थ कॅरोलिनात बंदीविरुद्ध एका चर्चनेच फेडरल कोर्टात दावा लावला होता. परवान्याशिवाय लग्नविधी करणं पाद्र्यासाठी तिथे गुन्हा होता आणि समलिंगी जोडप्याला परवाना मिळतच नव्हता. आम्हाला आशीर्वाद द्यायचाय आणि सरकार आडवं येतंय, असं त्या चर्चचं म्हणणं. ऑक्टोबर 2014 मध्ये ते जिंकले.

कुत्र्यामांजरांचं काय सांगू? संमतीची सही कुत्र्याला करता येत नाही.

मामीने शेवटी हळूच विचारलं, मजकुरात नसलेलं: "पण मग लग्नच कशाला हवं होतं गं, राहिले असते एकत्र." तिला मी ओहायोच्या जिम ओबरगेफेलची गोष्ट सांगितली. त्याचा जोडीदार जॉन आर्थर असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेला. ओहायोत लग्नाला बंदी. जुलै 2013 मध्ये रुग्णवाहिकेसारखं विमान करून ते मेरीलँडला गेले. विमान धावपट्टीवरच उभं राहिलं, आतच लग्न लागलं. लावणारी जॉनच्या नात्यातलीच एक वडीलधारी बाई. लगेच परत. त्याच्या मृत्युदाखल्यावर 'अविवाहित' लागू नये आणि जोडीदार म्हणून जिमचं नाव यावं, एवढंच मागणं होतं. ऑक्टोबरमध्ये जॉन गेला. राज्य त्या एका रकान्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं.

मामी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझे मामा गेले तेव्हा त्या दाखल्यासाठी मी चार खेपा घातल्या होत्या."

हे सगळं मी काकांनाही पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "मला आलं तसं मी पुढे पाठवलं." अर्ध्या तासाने ग्रुपवर तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे अकरा फायदे येऊन पडले होते.